सेव, मुळा आणि दाजींची तहान

इंदूरहून परत आल्यापासून कराडात मला जो भेटतो तो एकच विचारतो, काय काय खाल्लंस? सराफ्यात गेली होतीस ना? नाही म्हटलं की समोरचा माझ्याकडे असा बघतो, जसं मी पूर्वी कोरा पेपर देणाऱ्या मुलाकडे बघत असे. राजवाडाही मी रिक्षातून पाहिला, सिग्नल सुटेपर्यंत. त्यामुळे ज्यांना खाण्याच्या जागांची यादी हवी आहे त्यांनी इथेच थांबावं. मी इंदूरला पाणी पाहिलं. पाणी कराडातही मुबलक आहे, दोन नद्यांचं आहे. पण ते असं पाहिलं नव्हतं.

जानेवारीत ताईचा फोन आला होता. ताई म्हणजे माझी मोठी बहीण सुनंदा, लग्न होऊन इंदूरला गेली त्याला चाळीस वर्षं झाली. तिचे यजमान, माझे दाजी, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांच्या दोन्ही किडन्या थकल्यापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. सुईची, यंत्राची, तासन्‌तास पडून राहण्याची त्यांना सवय झाली होती. झाली नव्हती ती तहानेची. शरीरातलं पाणी बाहेर जायची वाट बंद, म्हणून आत जायलाही बंदी. दिवसभरात लहान बाटलीभर, बस.

"शोभे, ते म्हणतायत संक्रांत झाली की जाणार नाही," ताई म्हणाली. "म्हणे, एकदा पोटभर पाणी पितो आणि मोकळा होतो. तू केमिस्ट्री शिकवलीस ना इतकी वर्षं? समजाव काहीतरी."

"ताई, मी डॉक्टर थोडीच आहे?"

"मेहुणी तर आहेस."

मी तिकीट काढलं.

पोह्यांचा ठेला

दाजी दारातच उभे होते. कानटोपी, स्वेटर, त्यावर मफलर. चेहरा सुजलेला, डोळे तेच, मिश्किल.

"या मेहुणीबाई. मला समजवायला आलात ना? आधी पोहे खाऊन घ्या, मग समजवा. उपाशीपोटी कोणाला समजवू नये, मूड खराब होतो."

"दाजी, पोहे आम्ही पण करतो."

"तुम्ही फोडणीचा भात करता, पोह्यांचा. चल गं, टाइमपास नको करू."

इंदूरच्या पोह्यांबद्दल खूप लिहिलं गेलं आहे आणि ते सगळं लिहिणारे इंदूरचेच आहेत. तरी मान्य करते, वाफेवरचे ते मऊ पोहे चांगले असतात. आपल्याकडे पोह्यांवर खोबरं आणि कोथिंबीर घालतात. इथे वर मूठभर सेव पडते, आणि तिच्यावर जीरावन. जीरावन म्हणजे एक तपकिरी, आंबटतिखट मसाला. तो इंदूरचे लोक पोह्यांवर, फळांवर, काकडीवर, भाजलेल्या कणसावर, कशावरही घालतात. चुकून कुणी जास्त वेळ एका जागी उभं राहिलं तर त्याच्यावरही घालतील.

ठेलेवाल्या पोऱ्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. दाजींनी तळहात उभा केला आणि आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ना भिया, पानी अपने को मना है."

दोन-तीन माणसांनी हळहळून पाहिलं. दाजींनी तो मान शांतपणे स्वीकारला. मग प्लेट पुढे करून म्हणाले, "सेव थोड़ी और डाल दे. और जीरावन."

मी पाहिलं, आणि वाटलं, एक दिवस जिभेचे लाड चालले आहेत. पाहुणी आली आहे, तिच्या निमित्ताने.

रंगीत पाणी

त्याच संध्याकाळी कॉलनीच्या हॉलमध्ये पाण्यावर व्याख्यान होतं. दाजींनी दोन दिवस आधीपासून खुर्च्या सांगून ठेवल्या होत्या. व्याख्यान म्हणजे खरं तर एका यंत्राची जाहिरात होती. यंत्राचं नाव संस्कृत आणि लांब होतं. आधी दीपप्रज्वलन झालं. मग प्रमुख पाहुण्यांचा सत्कार, अध्यक्षांचा सत्कार, हॉलची व्यवस्था पाहणाऱ्यांचा सत्कार. शाली इतक्या निघाल्या की जानेवारीची थंडी कमी वाटायला लागली. पाण्याचा तेवढा सत्कार राहिला.

मग जॅकेटवाले एक गृहस्थ उठले. त्यांनी नळाच्या पाण्यात थेंब टाकले, पाणी पिवळं झालं. यंत्राच्या पाण्यात तेच थेंब टाकले, पाणी जांभळं झालं. हॉलमध्ये आश्चर्याची लाट पसरली. हा प्रयोग मी आठवीच्या मुलांना दरवर्षी दाखवत असे. तेव्हा शाल सोडाच, मागच्या बाकावर कुणी मानही वर करत नसे. थेंब असतात दर्शकाचे. ते आम्लात एक रंग दाखवतात आणि अल्कात दुसरा. त्यात चमत्कार नाही, आणि पोटात आधीच इतकं तीव्र आम्ल असतं की तो जांभळेपणा खाली उतरल्यावर टिकतही नाही.

प्रश्नोत्तरांत दाजी उठले. उभं राहायला त्यांना खुर्चीचा आधार लागला.

"ये पानी कितना पी सकते हैं?"

"जितना चाहें, अंकलजी! ये शरीर में रुकता ही नहीं."

दाजी खाली बसले. त्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं आणि मला जॅकेटवाल्याचा जेवढा राग आला तेवढा क्वचित कुणाचा आला असेल. वर्षभर उन्हात उभ्या असलेल्या माणसाला कुणी सावली दाखवावी तसा तो चेहरा झाला होता.

परतताना रिक्षात त्यांनी मफलर सारखा केला. मग हळूच म्हणाले, "शोभा, खरं सांग. त्यात काही आहे का?"

"पाणी आहे, दाजी."

"म्हणजे वेगळं पाणी?"

"तेच. दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन. शरीरात तेवढंच साठेल जेवढं नळाचं साठतं. छातीत साठेल, श्वास कोंडेल."

ताईने माझा हात दाबला. थांब म्हणून की सांग म्हणून, कळलं नाही. दाजी बाहेर बघत म्हणाले, "मला माहीत होतं गं. फक्त कोणीतरी 'जितना चाहें' म्हटलं, ते ऐकायला बरं वाटलं."

शंभर लिटर

दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं. वॉर्डात पलंगांची रांग, प्रत्येक पलंगाशी एक यंत्र. शेजारच्या पलंगावर सांवेरचे मांगीलालजी; शेतकरी, पांढऱ्या मिशा, बसने येतात-जातात. दोघांचं जमलेलं होतं.

"कंई हाल हे, भिया?" त्यांनी विचारलं.

"मेहुणी आली आहे, केमिस्ट्रीवाली," दाजी मराठीतच म्हणाले. "आता सगळं ठीक होणार." मांगीलालजींना मराठी कळत होतं की नाही देव जाणे, पण टोमणा कळला. ते हसले.

काचेपलीकडे पाणी शुद्ध करणारी टाकी आणि नळ्या दिसत होत्या. दाजींनी विचारलं म्हणून मी सांगितलं. एका बैठकीत यंत्रातून शंभराहून जास्त लिटर पाणी वाहतं. एका पातळ पडद्याच्या एका बाजूने रक्त, दुसऱ्या बाजूने पाणी. किडनीने काढायची घाण रक्तातून पडदा ओलांडून पाण्यात जाते.

"शंभर लिटर माझ्यासाठी?" दाजी म्हणाले. "आणि मला घोटभर नाही. ये तो वही बात हुई, घरात लग्न आणि नवरदेव उपाशी."

"पण घाण पाण्यातच का जाते?" ताईने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. वर्षभर ती त्या टाकीकडे बघत बसली होती.

"पाण्याचा रेणू वाकडा असतो म्हणून. मध्ये ऑक्सिजन, आणि दोन हायड्रोजन कानांसारखे एका बाजूला झुकलेले. त्यामुळे एक टोक किंचित ऋण, दुसरं किंचित धन. मग ते प्रत्येकाला धरतं, मिठाला, साखरेला, युरियाला. मिठाचा खडा टाकला की पाणी त्याचे कण वेगळे करून एकेकाला घेरून नेतं. रेणू सरळ असता तर काहीच धड विरघळलं नसतं. रक्तच झालं नसतं."

"म्हणजे वाकडा आहे म्हणून कामाचा," दाजी म्हणाले. "आमच्या ऑफिसात असे पुष्कळ होते. काम मात्र कोणी केलं नाही."

आहारतज्ज्ञ मुलगी चक्कर मारून गेली. "अंकल, नमक?" ताई ठामपणे म्हणाली, "चिमटीभर नाही. मी पण बिनमिठाचंच खाते." ते खरं होतं. आदल्या रात्री मी ती डाळ खाल्ली होती. तिच्याविषयी एवढंच म्हणेन की ती गरम होती.

शेवटच्या तासाला दाजींच्या पोटऱ्यांत गोळे आले. दोन बैठकांमध्ये शरीरात साठलेलं पाणी यंत्राला थोड्या तासांत ओढून काढावं लागतं; साठा जास्त असला की शरीर ओरडतं. दाजी ओरडले नाहीत. त्यांनी पलंगाची कड धरली. ताई वाकून त्यांचे पाय चोळत राहिली.

"दर वेळी इतकं पाणी कसं वाढतं तुमचं, अंकल?" तंत्रज्ञ हिंदीतून म्हणाला. "छुपकर पीते हो क्या?"

"नाही पीत रे बाबा," दाजी डोळे मिटून म्हणाले. "देवाशपथ, बाटलीच्या वर जातो तेव्हा जीव जात असतो. थोडं जातं वर. थंडीतही जीभ टाळूला चिकटते." मग ताईकडे न बघता, "संक्रांतीपर्यंत, सुनंदा. बोललो ना. त्याच्यापुढे नाही."

सांवेरचा गहू

मांगीलालजींनी आम्हाला शेतावर बोलावलं होतं. "काल छुट्टी हे, आव जो," ते म्हणाले; त्यांच्या बोलीत काल म्हणजे उद्या. डायलिसिस नसलेल्या दिवसाला ते दोघेही छुट्टी म्हणत. दाजी जायचं म्हणाले, तेव्हा ताईने लगेच टॅक्सी सांगितली. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांनी कुठे जायचं म्हटलं नव्हतं.

शहर संपलं की काळी जमीन सुरू होते. आपल्या कृष्णाकाठची काळी जमीन उसाने झाकलेली असते. इथे गुडघ्याएवढा गहू, नजर जाईल तिथपर्यंत सपाट हिरवा. भरदुपारी पाट वाहत होता. मी विचारलं, आज पाणी का? रात्री पाला पडेल, मांगीलालजी म्हणाले. म्हणजे दव गोठेल आणि पीक करपेल. म्हणून जमीन भिजवून ठेवायची. कारण असं, की पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. दिवसभर घेतलेली ऊब ते रात्री हळूहळू सोडतं. ओल्या शेतात रोपं तगतात. आपलं शरीरही त्याचमुळे थंडीत लगेच गार पडत नाही; आपण बहुतांशी पाणीच आहोत.

दाजी पाटाच्या कडेला खाटेवर बसून वाहत्या पाण्याकडे बघत होते. आम्ही सगळेच तिकडे बघायचं टाळत होतो.

मांगीलालजींच्या सुनेने शेतातला मुळा उपटून, धुऊन, चकत्या करून आणला. "थोडो-थोडो खाजो," ती दोघांना म्हणाली. दाजींनी स्वेटरच्या खिशातून एक चपटी डबी काढली आणि चकत्यांवर भरपूर जीरावन भुरभुरवलं. मग गप्पा सुरू झाल्या: बसचे कंडक्टर, गव्हाची जात, डॉक्टर किती लहान दिसतात. प्लेट तशीच राहिली.

"शोभा," दाजी मध्येच म्हणाले. "इकडे बघ. प्लेटमध्ये पाणी कुठून आलं?"

तहानलेल्या माणसाला पाणी आधी दिसतं. मुळ्याच्या चकत्या मऊ पडल्या होत्या आणि त्यांच्याखाली पाणी जमलं होतं.

"मूळी को पाणी हे," मांगीलालजी म्हणाले.

"अरे पण आधी नव्हतं ना! कोरडी प्लेट होती."

"मिठाने ओढलं, दाजी," मी म्हणाले. "मीठ बाहेर जास्त झालं की आतलं पाणी बाहेर येतं."

"मीठ? मीठ कोणी घातलं?"

"तुम्ही. आत्ता. खिशातून."

"हे तर जीरावन आहे!"

मी त्यांच्याकडे पाहिलं, मग ताईकडे. दोघांच्या चेहऱ्यावर एकच निर्मळ आश्चर्य होतं.

"त्यात मीठ असतं, दाजी. काळं आणि पांढरं, दोन्ही."

"असेल, पण ते मीठ थोडी ना झालं. ते तर वरून घालतात."

"हो गं," ताई म्हणाली. "मी स्वयंपाकात एक कण घालत नाही."

"ताई, आणि सेव?"

"सेव काय? सेव काही खाणं थोडी आहे? बिनमिठाचं त्यांना जात नाही, म्हणून वरून..." ती बोलता बोलता थांबली. सकाळची पोह्यांवरची, दुपारी डाळीवरची, संध्याकाळी नुसतीच, वाटीतली. तिच्या डोळ्यांसमोरून एकेक वाटी जात असावी. "अगंबाई," ती म्हणाली.

मी सावकाश सांगितलं. मीठ रक्तात जातं. या मुळ्यासारखं पेशींतलं पाणी बाहेर ओढू लागतं. मेंदूला ते कळतं आणि तो एकच हुकूम देतो, पाणी आण. कितीही निग्रही माणूस असो, त्या हुकमापुढे थोडा वाकतोच. आणि मीठच ते प्यालेलं पाणी धरून ठेवतं, यंत्र ओढेपर्यंत. तहान किडनीची नव्हती. निदान सगळी नव्हती.

दाजी प्लेटकडे बघत होते. वाटलं, आनंद होईल. ते चिडले.

"म्हणजे पाणी सोडलं, फळं सोडली, आता सेव पण? इंदौरमध्ये राहून? मग माझ्यात मी काय उरलो, सांग ना?"

मांगीलालजींनी हळूच आपल्या खिशातूनही एक पुडी काढली आणि खाटेवर ठेवली. "म्हारे पास भी हे," ते म्हणाले. तेव्हा मात्र दाजींना हसू आवरलं नाही.

बिनसेवेचं घर

घरी येताच ताईने डबे काढले. लवंगेची सेव, लसणाची, पालकाची, रतलामी, आणि एक नुसती बारीक, भुरभुरवायची. ओट्यावर मावेनात. तिने ते सगळे शेजारी नेऊन दिले. शेजारीण घाबरली, सगळे डबे एकदम कुणी देतं तेव्हा घर सोडून चाललंय असं वाटतं.

"तू कशाला सोडतेस?" दाजी म्हणाले. "तुला काय झालंय?"

"मला नाही आवडत एवढी," ताई म्हणाली. मी चाळीस वर्षांत ऐकलेलं हे तिचं सर्वांत धडधडीत खोटं.

त्या रात्री डाळीत लिंबू, भाजलेलं जिरं आणि लसूण पडला. दाजी पहिला घास घेऊन म्हणाले, "चांगली आहे. दवाखान्यासारखी."

दुसऱ्या दिवशी संक्रांत. समोरच्या मैदानात पोरं आणि त्यांचे बापही गिल्लीदांडू खेळत होते. संक्रांतीला इंदुरात म्हातारे गृहस्थसुद्धा दांडू घेऊन रस्त्यावर येतात, आणि जी गिल्ली लागते ती कुणाचीही नसते. दाजी खुर्ची घेऊन फाटकाशी बसले आणि पंच झाले. ताईने त्यांना तिळगुळाचा चिमूटभर तुकडा दिला. डायलिसिसचं नाव घरात कुणी काढलं नाही. दुपारभर दाजी खेळणाऱ्यांशी भांडत होते. पाणी त्यांनी दोनदाच मागितलं. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी न पाहिल्यासारखं केलं. दोन दिवसांत तहान उतरते हे पुस्तकात ठीक असतं. घरात आशा धरायला भीती वाटते.

दुसरी सकाळ

मी उठले तेव्हा ताई अंगणात उभी होती. पूजा झाली होती, चहा झाला होता. तिला करायला काही उरलं नव्हतं. आत दाजींच्या खोलीचं दार बंद होतं. नेहमीची निघायची वेळ झाली, तरी ती हाक मारायला जाईना.

दार उघडलं. दाजी आंघोळ करून, कानटोपी घालून बाहेर आले. कडाक्याची थंडी होती, आणि त्यांनी डाव्या हाताची स्वेटरची बाही कोपराच्या वर दुमडलेली होती. त्याच हातात सुई टोचतात.

"काय बघताय दोघी बहिणी? ऑटो बोलावला आहे मी. चला, मांगीलाल पहिला पलंग घेऊन टाकेल."

वॉर्डात वजन झालं. तंत्रज्ञाने काट्याकडे पाहिलं, पुन्हा उभं राहायला सांगितलं, मग म्हणाला, "अंकल, आज तो बहुत कम बढ़ा है. क्या किया?"

"सेव छोड़ी," दाजींनी मांगीलालजींकडे बघत सांगितलं, जसं कुणी पदक मिळाल्याचं सांगावं. मांगीलालजींनी कानाला हात लावले.

यंत्र चालू झालं. शेवटचा तास आला, आणि गेला. दाजींनी पलंगाची कड धरली नाही. ते झोपले होते, तोंड किंचित उघडं टाकून, लहान मुलासारखे. ताई पायाशी बसली होती, हात पोटरीवर ठेवून, काही करायचं नसताना.

मग ती हळूच उठली आणि पिशवीतली बाटली घेऊन दाराबाहेर गेली. व्हरांड्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ती घाईघाईने दोन घोट प्यायली, ओठ पुसले, पदर सारखा केला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतक्या दिवसांत मी तिला पाणी पिताना पाहिलंच नव्हतं. जेवतानासुद्धा नाही. वर्षभर हे असंच चाललं असणार.

ती परत आली तेव्हा दाजींचे डोळे उघडे होते.

"सुनंदा."

"काय हवं? दुखतंय का?"

"नाही. इथे बस. बाटली काढ."

"तुम्हाला आत्ता नाही द्यायचं."

"मला नको. तू पी."

"मला तहान नाही."

"पी ना. इथेच, माझ्यासमोर. रोज बाहेर जातेस, मला दिसत नाही का?"

ताईने बाटलीचं झाकण काढलं. बाटली तोंडाला लावताना थोडं पाणी तिच्या मनगटावरून ओघळलं. ती प्यायली, सावकाश, थांबून थांबून, अर्धी बाटली. दाजी बघत होते.

"गार आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे," ताई म्हणाली आणि तो ओला हात तिने त्यांच्या कपाळावर ठेवला.